अतिसंवाहकाच्या आतले चुंबकीय क्षेत्र म्युऑनने कसे मोजावे : नवोदित संशोधकांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यातील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांत फेराइटसारख्या ऑक्साइड पदार्थांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. पावडर खलणे, गोळ्या दाबणे, भट्टीत भाजणे आणि क्ष-किरण विवर्तनाचा आलेख काढून प्रावस्था तपासणे ही कामे त्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. अशा विद्यार्थ्याने अतिसंवाहकांकडे वळायचे ठरवले, की म्यूएसआर, म्हणजे म्युऑन हे सूक्ष्म कण पदार्थात थांबवून आतले चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या पद्धतीचे नाव त्याच्या कानावर लवकरच पडते आणि त्याबरोबर असा समजही होतो, की हे काम परदेशातील मोठ्या त्वरकांवर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांवर, बसलेल्या मंडळींचे आहे. हा समज अर्धाच खरा आहे. म्युऑनचा झोत परदेशातच मिळतो, भारतात या कामासाठी तशी सुविधा नाही. परंतु झोतासमोरचे काम मोजक्या दिवसांचे असते आणि त्या दिवसांतून काही हाती लागणार की नाही, हे बहुतांशी त्याआधी आपल्याच प्रयोगशाळेत ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात झोताइतकीच जागा त्याआधीच्या तयारीला दिली आहे.

पहिली पायरी : म्युऑन नेमके काय करतो हे समजून घेणे

म्युऑन हा इलेक्ट्रॉनच्याच कुळातला, पण त्याच्या सुमारे २०७ पट वस्तुमानाचा कण आहे. वैश्विक किरणांमुळे तयार झालेले म्युऑन आपल्यावर सतत पडत असतात; समुद्रसपाटीला एका चौरस सेंटिमीटरवर दर मिनिटाला साधारण एक, इतके त्यांचे प्रमाण असते. मात्र त्यांची ऊर्जा इतकी जास्त असते, की ते आपल्या पातळ नमुन्यात थांबतच नाहीत, त्यामुळे या कामासाठी ते उपयोगाचे नाहीत.

त्वरकावर म्युऑन मिळवण्याची रीत अशी : वेगवान प्रोटॉन ग्राफाइटच्या लक्ष्यावर आदळवले जातात, त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निर्माण होतात, आणि लक्ष्याच्या पृष्ठभागापाशी थांबलेल्या धन पायॉनचा सरासरी २६ नॅनोसेकंदांत क्षय होऊन एक धन म्युऑन आणि एक न्यूट्रिनो बाहेर पडतो. पायॉनला स्वतःची स्पिन (कणाला लहानशा चुंबकासारखे वागायला लावणारे अंगभूत फिरतेपण) नसते आणि न्यूट्रिनोची स्पिन नेहमी त्याच्या गतीच्या उलट दिशेला असते, म्हणून सोबतच्या म्युऑनचीही स्पिन त्याच्या गतीच्या उलट दिशेलाच असावी लागते. याचा फायदा असा, की हाती येणारा झोत जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो, म्हणजे त्यातील स्पिन एकाच दिशेला असतात, त्यासाठी वेगळे मोठे चुंबक किंवा अतिशीत तापमान लागत नाही. या म्युऑनची गतिज ऊर्जा सुमारे ४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि घन पदार्थात ते मिलिमीटरच्या काही दशांश भागात थांबतात. थांबताना त्यांची स्पिन विस्कटत नाही, हे विशेष.

थांबलेल्या म्युऑनची स्पिन तिथल्या चुंबकीय क्षेत्राभोवती परांचन करू लागते, म्हणजे भोवऱ्याच्या आसासारखी घिरट्या घालते, आणि त्याची वारंवारता क्षेत्राच्या प्रत्येक टेस्लामागे १३५.५ मेगाहर्ट्झ असते. म्युऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंदांचे. क्षयाच्या वेळी बाहेर पडणारा पॉझिट्रॉन त्या क्षणी स्पिन जिकडे असेल त्या दिशेला जाण्याची शक्यता अधिक असते. ही गोष्ट १९५७ मध्ये गार्विन, लेडरमन आणि वाइनरिख यांनी दाखवली, आणि अशा म्युऑनने पदार्थाच्या आतली क्षेत्रे तपासता येतील, हेही त्यांनी त्याच शोधनिबंधात सुचवून ठेवले होते. नमुन्याच्या पुढे आणि मागे डिटेक्टर लावून पॉझिट्रॉन मोजत गेले, की दोन्ही बाजूंच्या मोजणीतला फरक काळानुसार हेलकावतो. बेरजेच्या तुलनेत काढलेल्या या फरकाला असममिती म्हणतात, आणि प्रयोगातून हाती येणारा मूळ आलेख तो हाच.

दिंडीत शेकडो टाळकरी एकाच ठेक्यावर टाळ धरतात, पण प्रत्येकाची लय किंचित निराळी असेल तर थोड्या वेळाने ठेका हरवतो आणि नुसता गजर उरतो; लक्षावधी म्युऑनच्या स्पिनचे असेच होते. नमुन्यात सगळीकडे क्षेत्र सारखे असेल तर हेलकावे बराच वेळ स्पष्ट राहतात, क्षेत्र जागोजागी वेगळे असेल तर ते लवकर विरतात, आणि ते किती लवकर विरले यावरून क्षेत्रातील विषमता मोजता येते. या विरण्याच्या वेगाला शिथिलन दर म्हणतात. पुढचा सगळा खटाटोप याच एका आकड्याभोवती आहे.

दुसरी पायरी : प्रश्न ठरवणे

अतिसंवाहकांच्या बाबतीत म्युऑनला प्रामुख्याने दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात किती खोल शिरते आणि ही भेदनखोली तापमानानुसार कशी बदलते. यासाठी स्पिनला काटकोनात बाहेरून क्षेत्र लावतात; त्याला पुढे आडवे क्षेत्र म्हटले आहे. दुसरा, बाहेरचे क्षेत्र पूर्णपणे काढून टाकल्यावर अतिसंवाहक अवस्थेत आपोआप एखादे क्षीण क्षेत्र उगवते का. नवख्याने पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा प्रश्न आकर्षक आहे, त्यावर मोठ्या नियतकालिकांत निबंध छापून येतात, पण त्यात फसण्याच्या जागाही तितक्याच आहेत.

पहिल्या प्रश्नामागचे गणित समजायला अवघड नाही. दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकात, म्हणजे जो क्षेत्राला अंशतः आत येऊ देतो त्यात, एका ठरावीक मर्यादेहून (खालच्या क्रांतिक क्षेत्राहून) अधिक क्षेत्र लावले, की ते बारीक भोवऱ्यांच्या रूपात आत शिरते. प्रत्येक भोवरा चुंबकीय प्रवाहाचा एकच ठरावीक हिस्सा (प्रवाह-पुंज) वाहतो आणि हे भोवरे त्रिकोणी जाळीत मांडले जातात. ४० मिलिटेस्ला क्षेत्रात शेजारच्या दोन भोवऱ्यांमधले अंतर सुमारे २४४ नॅनोमीटर भरते. भोवऱ्याच्या गाभ्यात क्षेत्र जास्त, दोन भोवऱ्यांच्या मध्ये कमी. हा चढउतार किती तीव्र, हे भेदनखोलीवर अवलंबून असते. भेदनखोली लहान तर चढउतार मोठा आणि हेलकावे लवकर विरणार, भेदनखोली मोठी तर उलट.

येथे एक सोय आपोआप मिळते. म्युऑन स्फटिकाच्या एकक पेशीत नेमका कुठे बसतो, हा प्रश्न चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासात डोकेदुखी ठरतो. ऑक्साइडमध्ये तो सहसा ऑक्सिजनपासून एका अँगस्ट्रॉमच्या आसपास थांबतो, पण नेमकी जागा ठरवायला संगणकीय गणित करावे लागते. भोवऱ्यांच्या जाळीचे अंतर एकक पेशीच्या शेकडो पट असल्यामुळे भेदनखोली मोजताना या जागेने काहीच फरक पडत नाही.

भेदनखोलीच्या वर्गाचा व्यस्त हा अतिसंवाहक इलेक्ट्रॉनांची घनता भागिले त्यांचे परिणामी वस्तुमान, याच्या प्रमाणात असतो. १९८९ मध्ये उएमुरा आणि सहकाऱ्यांनी अनेक ताम्र-ऑक्साइडांसाठी ही राशी आणि क्रांतिक तापमान (ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते) यांचा आलेख काढला, तेव्हा ज्यांत विद्युतभार वाहणारे कण कमी मिसळलेले असतात त्या बाजूला दोन्ही एकमेकांच्या प्रमाणात वाढताना दिसल्या. आपण नवा नमुना मोजतो तेव्हा तो या आलेखावर कुठे बसतो, हे पाहणे हा आजही पहिला स्वाभाविक प्रश्न असतो.

तिसरी पायरी : नमुना

या पायरीवर घाई करणाऱ्याला पुढे कोणतेच उपकरण वाचवू शकत नाही. सरावासाठी यट्रियम-बेरियम-ताम्र-ऑक्साइड हा पदार्थ उत्तम. यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड १ : ४ : ६ या मोल-प्रमाणात घ्यावेत, अॅगेटच्या खलात बारीक करावेत, ९०० ते ९५० अंश सेल्सियसला भाजून पुन्हा खलावेत, आणि हे चक्र दोन-तीनदा करून मग गोळी दाबावी. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, म्हणून मास्क आणि हातमोजे न घालता ते खलू नये. शेवटी ऑक्सिजनच्या प्रवाहात गोळी सावकाश थंड करत ४५० ते ५०० अंशांवर बराच वेळ ठेवावी लागते, कारण ऑक्सिजन स्फटिकात शिरतो तो याच टप्प्यात. रासायनिक सूत्रातील ऑक्सिजन ६.९५ च्या आसपास असेल तर क्रांतिक तापमान सुमारे ९२ केल्विन मिळते, ६.६ च्या आसपास ते ६० केल्विनवर उतरते, आणि ६.३५ च्या खाली पदार्थ अतिसंवाहक राहत नाही, तो प्रतिलोहचुंबकीय होतो.

आपल्याकडे नेमकी येथेच अडचण होते. रात्रभराच्या भाजणीत लाईट गेली, की भट्टी आपल्या गतीने थंड होते आणि ऑक्सिजनचा टप्पा अर्धवट राहतो; सकाळी वीज आलेली असते, नियंत्रकावर सगळे ठीकठाक दिसते आणि विद्यार्थ्याला काही घडल्याचा पत्ताही नसतो. म्हणून तापमानाची नोंद ठेवणारे साधन भट्टीच्या विजेवर न ठेवता वेगळ्या बॅटरीवर चालवावे, आणि नोंदीत खंड दिसला तर तो नमुना म्युऑनसाठी म्हणून बाजूला न ठेवता ऑक्सिजनचा टप्पा पुन्हा करावा.

खलातील पावडर चांगली काळी असावी. तोडलेल्या गोळीच्या कडेवर हिरवट छटा दिसली, तर अभिक्रिया अपुरी राहून यट्रियम-बेरियम-ताम्राची हिरवी प्रावस्था मागे राहिली आहे, असे समजावे. क्ष-किरणांचा आलेख काढण्याआधीच डोळ्यांना कळणारी ही खूण आहे. तयार गोळ्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नयेत, कारण ओलाव्याने हा पदार्थ हळूहळू बिघडतो. सिलिका जेलसह बंद बाटलीत त्या टिकतात.

फेराइटच्या प्रयोगशाळांसाठी एक खास सूचना करणे भाग आहे. ज्या खलात काल निकेल फेराइट खलला त्याच खलात आज अतिसंवाहक खलू नये. साचाही वेगळा ठेवावा. लोहचुंबकीय कणांचा अत्यल्प अंशही आजूबाजूला आपले क्षेत्र पसरवतो, आणि म्युऑन ते क्षेत्र इमानदारीने नोंदवतो. असे दूषण क्ष-किरणांत दिसत नाही. ते दिसते झोतासमोर बसल्यावर, जेव्हा काहीच करता येत नाही.

पावडरचे वजन किती लागेल, हे सुविधेनुसार बदलते. ब्रिटनमधील आयसिस या म्युऑन-केंद्रात झोत रुंद असतो, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटर व्यासाचा भाग झाकेल इतका, म्हणजे साधारण एक-दोन ग्रॅम नमुना बरा. स्वित्झर्लंडमध्ये काही मिलिमीटरांच्या नमुन्यावरही काम होते.

चौथी पायरी : आधीची मोजमापे

क्रांतिक तापमान, त्या बदलाची रुंदी, खालचे व वरचे क्रांतिक क्षेत्र आणि अतिसंवाहक भागाचे प्रमाण, एवढ्या गोष्टी हाती नसतील तर म्युऑनसाठी अर्जच करू नये. चार टोकांच्या पद्धतीने रोध मोजणे महाविद्यालयातही जमते, आणि ७७ केल्विनपर्यंत जाण्यासाठी लागणारा द्रव नायट्रोजन मिळणे वाटते तितके अवघड नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुसंवर्धन खात्याकडून तो तालुक्यापर्यंत पोचतो, आणि त्या साखळीतील माणसांकडे चौकशी केली की पुरवठादाराचा पत्ता लागतो. त्याखालच्या तापमानासाठी आणि चुंबकनासाठी मात्र हेलियमची सोय असलेल्या ठिकाणी जावे लागते. विद्यापीठांतील संशोधकांसाठीच स्थापन झालेल्या यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघाचे इंदूर येथील केंद्र आपल्याला सर्वांत सोयीचे. तेथे अर्ज करून उपकरणांचा वेळ मिळवता येतो.

रोध शून्य झाला म्हणून समाधान मानू नये. नमुन्याचा दहावा भाग अतिसंवाहक असला आणि तो सलग जोडलेला असला, तरीही रोध शून्यच दिसतो. म्युऑन मात्र नमुन्याच्या संपूर्ण आकारमानात विखरून थांबतात, त्यामुळे उरलेले नऊ भाग ते लपू देत नाहीत. क्षेत्राशिवाय थंड करून घेतलेले चुंबकन पाहिल्याशिवाय नमुना डब्यात भरू नये.

पाचवी पायरी : घरी बसून विश्लेषण शिकणे

झोताचा वेळ मिळण्याआधीच विश्लेषण हातचे असले पाहिजे, आणि त्यासाठी कुठेही जावे लागत नाही. आयसिस येथील मोजणी तीन वर्षांनंतर सर्वांसाठी खुली होते, स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतील माहितीही शोधता येते, आणि मँटिड, मुसरफिट ही विश्लेषणाची साधने विनामूल्य मिळतात. नांदेडच्या किंवा लातूरच्या वसतिगृहातील साध्या लॅपटॉपवर ती चालतात.

सुरुवात अल्फा या आकड्यापासून करावी. पुढच्या आणि मागच्या डिटेक्टरांची कार्यक्षमता कधीच तंतोतंत सारखी नसते, म्हणून क्रांतिक तापमानाच्या वर सुमारे २ मिलिटेस्ला आडवे क्षेत्र लावून मोजणी घेतात आणि हेलकावे शून्याच्या वर-खाली सारखे दिसतील असा अल्फा निवडतात. हा आकडा चुकला तर शून्य-क्षेत्रातील आलेख वर किंवा खाली सरकतो, आणि नसलेला परिणाम असल्यासारखा वाटू लागतो.

त्यानंतर एखाद्या अतिसंवाहकाची ४० मिलिटेस्लामधील दोन मोजण्या, एक क्रांतिक तापमानाच्या वरची आणि एक बरीच खालची, शेजारी ठेवून पाहाव्यात. यट्रियम-बेरियम-ताम्र-ऑक्साइडची पावडर १०० केल्विनला असेल तर ५.४ मेगाहर्ट्झचे हेलकावे कित्येक मायक्रोसेकंद स्वच्छ चालू राहतात. तोच नमुना १० केल्विनला नेला, की चार-पाच हेलकाव्यांतच, एका मायक्रोसेकंदाच्या आत, सगळे विरून जाते आणि मागे एक लहानसा, न विरणारा हेलकावा उरतो. तो नमुन्याचा नव्हे. नमुना ज्या चांदीच्या पत्र्यावर चिकटवला, त्यात थांबलेल्या म्युऑनचा तो असतो. चांदीच्या अणुकेंद्रांचे चुंबकीय आघूर्ण फार लहान असल्यामुळे तिच्यात म्युऑनचे ध्रुवीकरण जवळजवळ ढळत नाही, आणि म्हणूनच ती धारक म्हणून निवडतात. त्यामुळे फिट करताना, म्हणजे मोजणीवर गणिती वक्र बसवताना, नेहमी दोन घटक ठेवावेत : गॉसियन पद्धतीने विरणारा नमुन्याचा, आणि न विरणारा पार्श्वभूमीचा.

सहावी पायरी : शिथिलन दरापासून भेदनखोलीपर्यंत

फिटमधून मिळणारा दर हा एकट्या भोवऱ्यांचा नसतो, त्यात अणुकेंद्रांच्या आघूर्णांचा वाटाही मिसळलेला असतो. हा वाटा क्रांतिक तापमानाच्या वर मोजून ठेवावा आणि एकूण दराच्या वर्गातून त्याचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यावे. त्रिकोणी जाळीसाठी ब्रांट यांनी १९८८ मध्ये दिलेल्या संबंधावरून पुढचा हिशेब सोपा होतो : ३२७.५ ला अतिसंवाहक भागाच्या दराच्या वर्गमुळाने भागले, की भेदनखोली नॅनोमीटरमध्ये मिळते. दर प्रतिमायक्रोसेकंद या एककात घ्यावा.

समजा, एकूण दर ०.२५ आहे आणि क्रांतिक तापमानाच्या वर तो ०.२० होता. वजाबाकी न करता भागले तर भेदनखोली ६५५ नॅनोमीटर येते. वर्गांची वजाबाकी केली तर अतिसंवाहक वाटा ०.१५ उरतो आणि भेदनखोली ८४६ नॅनोमीटरच्या आसपास जाते. एवढा फरक एका पायरीने पडतो. जिथे दर २ किंवा ३ असतो, तिथे ही दुरुस्ती नगण्य असते, पण नव्या पदार्थांपैकी पुष्कळ पदार्थ दीर्घ भेदनखोलीचेच निघतात.

हा साधा संबंध भेदनखोली सुसंगती-लांबीच्या (अतिसंवाहक इलेक्ट्रॉन-जोडीच्या पसाऱ्याच्या) तुलनेत खूप मोठी असेल आणि लावलेले क्षेत्र वरच्या क्रांतिक क्षेत्राहून बरेच कमी असेल तरच लागू पडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांचा ज्यांच्या शोधात १९९४ मध्ये मोठा वाटा होता, त्या बोरोकार्बाइड कुळातील पदार्थांसाठी, उदाहरणार्थ १५ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होणाऱ्या यट्रियम-निकेल-बोरोकार्बाइडसाठी, तो जसाच्या तसा वापरू नये. तेथे क्षेत्राचा परिणाम धरणारे, ब्रांट यांनीच २००३ मध्ये दिलेले सुधारित सूत्र घ्यावे आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या क्षेत्रांत मोजून पडताळावे. थरांच्या रचनेच्या पदार्थाची पावडर असेल, तर मिळणारी भेदनखोली ही सरासरी असते. दिशेनुसार गुणधर्म फार बदलणाऱ्या पदार्थांत ती थरातील भेदनखोलीच्या सुमारे १.३ पट धरतात.

मग अतिसंवाहक भागाच्या दराचा तापमानानुसार आलेख काढावा. ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन-जोडी तोडायला लागणारी किमान ऊर्जा, सर्व दिशांना सारखे असेल, तर क्रांतिक तापमानाच्या साधारण एक-तृतीयांशाच्या खाली आलेख सपाट होतो. काही दिशांना अंतर शून्य होत असेल, तर कमी तापमानालाही तो सरळ रेषेत चढत राहतो. दोन वेगवेगळी अंतरे असतील, तर मध्येच एक वळण दिसते. २००१ मध्ये ३९ केल्विनला अतिसंवाहक असल्याचे आढळलेले मॅग्नेशियम डायबोराइड हे त्याचे गाजलेले उदाहरण. येथे एक इशारा आवश्यक आहे. सुरुवातीच्या काळात ताम्र-ऑक्साइडांच्या पावडरींवरील मोजण्या सपाट आलेख दाखवत होत्या. पुढे चांगल्या स्फटिकांवर सरळ रेषेतला चढ दिसला. थोड्या बिंदूंवरून, आणि तेही दोन केल्विनच्या वरच्या, अंतराचा आकार ठामपणे सांगू नये.

सातवी पायरी : सुविधा निवडणे आणि प्रस्ताव लिहिणे

या कामाची प्रमुख ठिकाणे चार : ब्रिटनमधील आयसिस, स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्था, कॅनडातील ट्रायम्फ आणि जपानमधील जे-पार्क. आयसिस आणि जे-पार्क येथे म्युऑन स्पंदांत येतात, उरलेल्या दोन ठिकाणी सलग. स्पंदांच्या पद्धतीत पार्श्वभूमी फार कमी असते, त्यामुळे १० मायक्रोसेकंदांनंतर शंभरातला जेमतेम एक म्युऑन उरलेला असतानाही मोजणी विश्वासार्ह राहते, आणि मंद शिथिलन नेमके पकडता येते. मात्र स्पंदाची रुंदी मर्यादा घालते. आयसिसमध्ये फार वेगवान हेलकावे पुसट होतात. दर मोठा असेल किंवा क्षेत्र जास्त लावायचे असेल, तर सलग झोताकडे जावे. पृष्ठभागाजवळ क्षेत्र कसे उतरते, हे थरांत पाहायचे असेल, तर पॉल शेरर संस्थेतील मंद म्युऑनचे उपकरण आहे; त्यावर २००० साली यट्रियम-बेरियम-ताम्र-ऑक्साइडमध्ये क्षेत्राची घातांकी घट थेट पाहिली गेली.

प्रस्तावात आपल्याला काय वाटते यापेक्षा आपण काय मोजून ठेवले आहे, हे आधी यावे. विवर्तनाचा आलेख, चुंबकन, क्रांतिक क्षेत्रे, आणि त्यावरून अपेक्षित असलेला शिथिलन दर स्वतः काढून दाखवावा. मग किती तापमानांना मोजणार आणि प्रत्येक बिंदूला किती पॉझिट्रॉन लागतील, यावरून दिवसांची मागणी करावी. आडव्या क्षेत्रातील एका बिंदूसाठी एक-दोन कोटींच्या घरात नोंदी घेण्याचा प्रघात आहे. शून्य-क्षेत्रासाठी त्याहून जास्त लागतात. प्रस्ताव तज्ज्ञांच्या समितीकडून तपासले जातात, आणि निकाल प्रकाशित करायचे असतील तर झोताच्या वेळेचे शुल्क सहसा पडत नाही. आयसिसला जाणाऱ्या भारतीय संशोधकांना प्रवासासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून यापूर्वी मदत मिळत आलेली आहे. सध्याची योजना अर्ज करताना पाहून घ्यावी. पासपोर्ट मात्र प्रस्तावाच्या आधी काढावा.

पहिल्याच प्रयत्नात प्रस्ताव एकट्याने पाठवण्यापेक्षा या कामात मुरलेल्या एखाद्या भारतीय गटाबरोबर पाठवणे शहाणपणाचे. भोपाळच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) सारख्या संस्थांतून असे काम नियमित होते, आणि चांगला नमुना घेऊन आलेल्या माणसाला तेथे नाही म्हणत नाहीत.

आठवी पायरी : झोतासमोर

येथे सांगण्यासारखे थोडे आहे, कारण उपकरण शास्त्रज्ञ सोबत असतात. पावडर चांदीच्या पत्र्यावर पातळ वार्निशने चिकटवावी, तीही समतल आणि शक्य तितक्या सारख्या जाडीची. आडवे क्षेत्र नेहमी क्रांतिक तापमानाच्या वर असतानाच लावावे आणि मग थंड करावे. आधी थंड करून नंतर क्षेत्र लावले, तर भोवरे कडेने आत ढकलले जाऊन दोषांवर अडकतात, जाळी वाकडीतिकडी होते आणि मिळणारा दर भेदनखोलीचा राहत नाही. मोजणी चालू असतानाच प्राथमिक फिट करत राहावे. सगळे बिंदू घेऊन झाल्यावर बघू म्हणणाऱ्याचा निम्मा वेळ सपाट भागात खर्च होतो आणि क्रांतिक तापमानाजवळ बिंदूच उरत नाहीत.

नववी पायरी : शून्य क्षेत्र, आणि त्यातली जपणूक

बाहेरचे क्षेत्र काढून टाकल्यावर उरतात ती अणुकेंद्रांची यादृच्छिक, स्थिर क्षेत्रे. त्यांच्यामुळे असममिती कुबो-तोयाबे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्राने उतरते, तळ गाठते आणि एक-तृतीयांशापर्यंत परत वर येते. क्रांतिक तापमानाच्या खाली शिथिलन थोडेसे वाढले, तर अतिसंवाहक अवस्थेने स्वतःच क्षेत्र निर्माण केले, म्हणजेच काल-उलट सममिती (काळाची दिशा उलटी केली तरी अवस्था तशीच राहण्याचा गुण) मोडली, असा अर्थ लावता येतो. १९९८ मध्ये स्ट्रॉन्शियम रुथेनेटमध्ये, २००९ मध्ये लँथॅनम-निकेल-कार्बन या संयुगात आणि २०१४ मध्ये रेनियम-झिर्कोनियममध्ये असे निष्कर्ष जाहीर झाले. अशी क्षेत्रे पृथ्वीच्या क्षेत्राच्या आसपासची किंवा त्याहूनही लहान असतात. म्हणून आधी तिन्ही अक्षांवरच्या कुंडलांनी बाहेरचे क्षेत्र मायक्रोटेस्लाच्या पातळीवर रद्द झाले आहे, याची खात्री करावी, आणि आधीच्या प्रयोगातले क्षेत्र चुंबकात किंवा नमुन्यात अडकून राहिलेले नाही, हेही पाहावे. आडव्या क्षेत्राच्या मोजण्या केल्यानंतर नमुना क्रांतिक तापमानाच्या वर नेऊन मगच शून्य-क्षेत्राकडे वळावे. खरे तर शून्य-क्षेत्राचे काम आधीच उरकावे.

वाढ दिसली तर लगेच आनंद मानू नये. ती क्रांतिक तापमानालाच सुरू होते का, की थोडी वर किंवा खाली, हे बारकाईने बिंदू घेऊन पाहावे. मग स्पिनच्या दिशेने काही मिलिटेस्लांचे क्षेत्र लावावे. क्षेत्रे स्थिर असतील तर एवढ्याने म्युऑन त्यांच्यापासून सुटतो आणि शिथिलन नाहीसे होते. तसे झाले नाही, तर कारण वेगळे आहे, बहुधा हलत्या आघूर्णांचे, आणि तेथे चुंबकीय दूषणाचा संशय सर्वांत आधी घ्यावा. तापमान वाढले, की म्युऑन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकू लागू शकतो, त्याने उतार बदलतो, पण तो बदल क्रांतिक तापमानाशी जुळत नाही. निष्कर्ष लिहिण्याआधी दुसऱ्या भाजणीतला, वेगळ्या खलात तयार केलेला नमुना मोजता आला तर तो शंभर युक्तिवादांपेक्षा भारी ठरतो.

प्रयोग संपल्यावर नमुना लगेच परत मिळेलच असे नाही. किरणोत्सर्गाची तपासणी होऊन तो नंतर पाठवला जातो. म्हणून त्याच भाजणीतली थोडी पावडर आधीच काढून, बंद बाटलीत, भाजणीची तारीख आणि तापमानाच्या नोंदीसह विभागात ठेवावी. निबंध तपासणारे ऑक्सिजनचे प्रमाण किंवा अशुद्धतेची टक्केवारी हमखास विचारतात, आणि तेव्हा तीच पावडर तपासायला हाताशी असावी लागते.